बॉब होपचे दोन तास आणि 'साइनफेल्ड'

अमेरिकेतल्या एनबीसी चॅनेलने 1989 मध्ये 'द साइनफेल्ड क्रॉनिकल्स' या नावाचा एक पायलट, म्हणजे नव्या विनोदी मालिकेचा नमुना भाग, चाचणीसाठी प्रेक्षकांना दाखवला. अहवालातला शेरा होता, कमकुवत. सोबतची पात्रं दुबळी, आणि पुन्हा पाहायची कुणालाच उत्सुकता नाही. 5 जुलैला तो भाग एकदाचा प्रक्षेपित झाला. अमेरिकी टीव्हीच्या रिवाजाप्रमाणे विषय तिथेच संपायला हवा होता.

रिवाज असा की, चॅनेलवाले वर्षभरात ढिगाने कल्पना ऐकतात, त्यातल्या काहींच्या संहिता लिहून घेतात, त्याहून कमी पायलट चित्रित होतात. मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांसमोर नव्या मोसमाचं वेळापत्रक मांडलं जातं. निवडलेल्या मालिकेला साधारण 13 भाग मिळतात. प्रेक्षकसंख्येचे आकडे बरे आले तर आणखी 9. बाकीच्यांचं कुणी नावही काढत नाही.

पुढे 'साइनफेल्ड' झालेल्या या मालिकेला वाचवलं ते एनबीसीचे अधिकारी रिक लडविन यांनी. गंमत म्हणजे विनोदी मालिका हे त्यांचं खातंच नव्हतं. ते रात्री उशिराचे आणि विशेष कार्यक्रम सांभाळायचे. त्यांनी विनोदवीर बॉब होपचा दोन तासांचा एक विशेष कार्यक्रम रद्द केला आणि त्या पैशांत अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार भाग मागवले. फक्त चार! एवढी किरकोळ ऑर्डर की वर कुणाला त्यात लक्ष घालावंसंही वाटलं नसावं. माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. चॅनेलने एक अट मात्र घातली, मुख्य पात्रांत एक बाई हवी. वरून आलेल्या सूचनेला लेखक नाक मुरडतात, पण या सूचनेतून इलेन आली, म्हणजे ज्युलिया लुई-ड्रायफस. तिच्याविना ही मालिका आज कल्पनेतही उभी राहत नाही.

1990 च्या उन्हाळ्यात ते चार भाग लागले आणि पुढे 13 भागांची मागणी आली. त्यातल्याच एका भागात जेरी, जॉर्ज आणि इलेन चिनी हॉटेलात टेबल मिळण्याची वाट पाहतात. बस्स, एवढंच. अधिकारी विचारू लागले, यात गोष्ट कुठाय? मालिकेचे सहनिर्माते लॅरी डेव्हिड ती सोडून जायला तयार झाले. शेवटी मे 1991 मध्ये तो भाग लागला, आणि आज या मालिकेचं नाव निघालं की तो आठवतोच. लिहिण्याची पद्धतही वेगळीच होती. इतर मालिकांसारखं सगळ्या लेखकांनी एका खोलीत बसून विनोद जुळवायचे नाहीत. ज्याने त्याने स्वतःच्या आयुष्यातला किस्सा आणायचा, खर्डा लिहायचा, मग लॅरी आणि मालिकेचा नायक व सहनिर्माता जेरी साइनफेल्ड त्यावर शेवटचा हात फिरवणार. किस्से संपले की लेखकाचंही काम संपायचं. बरेच जण एका सीझनपुरतेच टिकले.

पण सीझनमागून सीझन मिळतात ते हिशेबावर. मालिका बनवणारा स्टुडिओ, इथे कॅसल रॉक, चॅनेलकडून खर्चापेक्षा कमी पैसे घेतो आणि तोटा अंगावर घेतो. तो भरून निघतो स्थानिक स्टेशनांना पुनर्प्रक्षेपणाचे हक्क विकून. त्यांना मालिका आठवड्यातले पाच दिवस दाखवायची असते, म्हणून हाताशी शंभरेक भाग लागतात. वर्षाला 22 धरले तर चार-पाच सीझन झाले. त्यामुळे शंभरीच्या जवळ आलेली मालिका बंद करणं सगळ्यांच्याच जिवावर येतं. ब्रिटनमध्ये बीबीसी परवाना शुल्कावर चालते, तिथे या शंभरीचा धाक नाही. 'फॉल्टी टॉवर्स'चे सहा भाग 1975 मध्ये आले, सहा 1979 मध्ये, आणि खेळ खलास.

'साइनफेल्ड'चं नशीब उघडलं ते चौथ्या सीझनमध्ये, फेब्रुवारी 1993 मध्ये. गुरुवारी रात्री 'चीअर्स' या लोकप्रिय मालिकेच्या पाठोपाठची जागा मिळाली आणि प्रेक्षक एकदम वाढले. ती 'चीअर्स'सुद्धा 1982 मध्ये, पहिल्या वर्षी, आकड्यांच्या यादीत तळाला होती.

सातव्या सीझननंतर लॅरी बाहेर पडले. दहाव्या सीझनसाठी जेरीला दर भागामागे 50 लाख डॉलर देऊ केले होते असं सांगतात. त्याने नाही म्हटलं. 14 मे 1998 चा अखेरचा भाग लिहायला लॅरी परत आले. सुमारे 7 कोटी 60 लाख लोकांनी तो पाहिला, आणि त्यातले बरेच जण हिरमुसले. पुनर्प्रक्षेपणाच्या धंद्याला त्याने काहीच फरक पडला नाही. 2021 मध्ये सगळे 180 भाग नेटफ्लिक्सवर आले.