कार्योत्तर मंजुरी

कोरोनाच्या दोन वर्षांत उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) जिल्हाधिकारी कार्यालयातून निघालेल्या आदेशांचा साचा ठरलेला होता. वर संदर्भांची रांग: साथरोग अधिनियम 1897, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144, राज्य शासनाची 14 मार्च 2020 ची अधिसूचना. मग 'ज्याअर्थी', मग 'त्याअर्थी', आणि तळाला सही: जिल्हादंडाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. किराणा किती वाजता उघडायचा, लग्नाला माणसे किती, भाजीबाजार कुठल्या मैदानावर, रेमडेसिविर कुठल्या दवाखान्याला, हे सगळे त्या एका सहीने ठरे. मोबाइलवर फिरत आलेला आदेश लोक थेट शेवटच्या पानावर उघडत आणि 'चालू काय, बंद काय' एवढेच बघत. सही कुणाची, हा प्रश्नच नव्हता.

पण अध्यक्ष म्हटला की प्राधिकरण आले, आणि प्राधिकरणात आणखी माणसे आली. 2005 च्या कायद्याचे कलम 25 ती मोजून सांगते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी सदस्य. शिवाय जिथे जिल्हा परिषद आहे तिथे तिचा अध्यक्ष हा पदसिद्ध सहअध्यक्ष. पुढचे कलम 26 आणखी महत्त्वाचे. तातडीच्या वेळी प्राधिकरणाचे सगळे अधिकार अध्यक्ष एकटा वापरू शकतो, पण त्याला प्राधिकरणाची कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे टाळेबंदीचा आदेश रात्री अकराला काढायला हरकत नाही. नंतर तो बैठकीत ठेवायचा, आणि त्या बैठकीत निवडून आलेला माणूस बसलेला असायचा. कायद्याची रचना अशी आहे.

जिल्हा परिषदेत तेव्हा फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेले 55 सदस्य होते. नगरपालिका आठ: उस्मानाबाद, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा. लोहारा आणि वाशी या नगरपंचायती. इतकी सभागृहे असलेल्या जिल्ह्यात त्या दोन वर्षांत 'सहअध्यक्ष' हा शब्द चावडीवर किंवा प्रचारसभेत ऐकल्याचे कुणाला आठवत असेल असे मला वाटत नाही. सभागृहांना डावलले गेले, अशी तक्रार नंतर बरेच जण करतात. माझे मत थोडे वेगळे आहे. दुकाने बंद करण्याची सही आपली नाही, ही गोष्ट बऱ्याच पुढाऱ्यांच्या पथ्यावरच पडली. व्यापारी चिडले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे बोट, खाट मिळाली नाही तर सिव्हिलकडे बोट.

सुरुवातीला तर जिल्हा सुखरूप वाटत होता. एप्रिल 2020 च्या आरंभी उमरगा तालुक्यात पहिले रुग्ण सापडले, बरे झाले, आणि महिन्याच्या अखेरीस केंद्राने केलेल्या वर्गवारीत उस्मानाबाद 'ग्रीन झोन'मध्ये होते. एप्रिल 2021 मध्ये मात्र शहरातल्या कपिलधार स्मशानभूमीत जागा पुरेना. या दोन एप्रिलांच्या मधल्या काळात जो पैसा आला आणि गेला, त्याचा हिशेब हा या लेखाचा विषय.

पैसा एका वाटेने आला नाही. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये राज्याची, तिथली खरेदी जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, तिथला खर्च जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतला मोठा वाटा कोविडकडे वळवण्याची मुभा, 2021 मध्ये आमदार निधीतून एक कोटीपर्यंत खर्चाची परवानगी, वर देणग्या. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने तर इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजन तयार करायला घेतला. इतक्या वाटांचा पैसा एकत्र दिसेल असा एकच कागद कुठल्याच सभागृहापुढे येण्याची सोय नव्हती. नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य राज्यघटनेनुसार जिल्हा परिषद आणि पालिकांमधूनच निवडलेले असतात, म्हणजे तिथे तरी प्रश्न विचारता आला असता. पण ती समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली भरते आणि तिथले निम्मे बोलणे आपल्या रस्त्याच्या मंजुरीचे असते.

आता एक फाइल उघडून बघू. एरवी सरकारी खरेदीच्या फाइलमध्ये मागणीपत्र असते, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवहीतली नोंद, देयक आणि शेवटी प्रमाणक. तेव्हाच्या नियमाने तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा लागे. कलम 50 लागू झाले की निविदेची पद्धत माफ झाल्याचे मानले जाते. इथपर्यंत कुणीच वाद घालणार नाही. ऑक्सिजनच्या नळकांड्यांसाठी एकवीस दिवसांची निविदा काढत बसणाऱ्याला लोकांनी चौकात उभे केले असते. पण त्याच कलमाचा दुसरा भाग फारसा वाचला जात नाही. आणलेला माल वापरला, असे नियंत्रण अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हाच हिशेबासाठी वैध कागद. पीपीई किट किती आली आणि किती वापरली, याचे उत्तर एका सहीच्या प्रमाणपत्रात मिळते आणि कायद्याच्या लेखी ते पुरेसे असते. वापरलेले किट जाळायचेच असते, त्यामुळे नंतर मोजायला काही उरत नाही.

साथरोग कायदा तर याहून मोकळा. प्लेगच्या भीतीने 1897 मध्ये घाईत केलेला हा चार कलमांचा कायदा. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घराघरांत शिरून जे केले त्याचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत झाला, हे शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते कलम 2 च्या पहिल्या पोटकलमाचे शेवटचे शब्द: झालेला खर्च कुणी आणि कसा सोसायचा हेही सरकारच ठरवील. आणि कलम 4 म्हणते, सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावर दावा चालणार नाही.

खर्च कुणी सोसायचा, याचे ताजे उदाहरण 2020 च्या उन्हाळ्यातले. ग्रामीण भागात आर्सेनिकम अल्बम-30 या होमिओपॅथी गोळ्या फुकट वाटायचे ग्रामविकास विभागाने ठरवले. त्यासाठी चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीवर ग्रामपंचायतींना मिळालेले व्याज जिल्हा परिषदेकडे जमा करायला सांगितले. गोळ्या कोरोना रोखतात याचा भक्कम पुरावा नव्हता. पण माझा मुद्दा गोळीचा नाही. व्याज ग्रामपंचायतीचे, ते कशाला वापरायचे हे ठरवणार ग्रामसभा, आणि त्या काळात ग्रामसभा घ्यायलाच बंदी होती. भूमच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या छोट्या पंचायतीच्या खात्यात व्याज म्हणून असून असून किती असणार? पण तेवढ्यात गावाची मोटार दुरुस्त होते.

पुढच्याच महिन्यांत अनेक ग्रामपंचायतींच्या मुदती संपल्या. निवडणुका पुढे गेल्या आणि राज्यात हजारो गावांत प्रशासक आले. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने प्रशासक नेमण्याचा आदेश 13 जुलै 2020 रोजी निघाला तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले. राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींचे मतदान 15 जानेवारी 2021 ला झाले. मे 2021 मध्ये केंद्राने पंधराव्या वित्त आयोगाचे 861 कोटी महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी आगाऊ सोडले, तेव्हा नवेकोरे सरपंच दुसऱ्या लाटेला तोंड देत उभे होते. जून महिन्यात सरकारने 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा काढली, प्रत्येक महसूल विभागात पहिले बक्षीस 50 लाख. साथीतही आपल्याला स्पर्धा सुचते.

अंमलबजावणीचे तसेच. मार्च-एप्रिल 2020 मध्ये मराठवाड्यात गावोगाव वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या, कुठे रस्ता खणला गेला. सरपंचाला रस्ता बंद करण्याचा अधिकार कुठल्याच कायद्याने दिलेला नाही, आणि कुणी विचारलेही नाही. शहरात पालिकेचे पथक पावतीपुस्तक घेऊन फिरे. मास्क नसला तर पाचशे, थुंकल्यास हजार. भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली इतके गुन्हे नोंदले गेले की 2022 मध्ये गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी ते मागे घेण्याची घोषणा केली. पोलिसी कारवाईला खरा लगाम बसला तो न्यायालयात. तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे ताशेरे ओढले. तुळजापुरात आणखी एक गंमत. मंदिर बंद ठेवण्याचा आदेश जिल्ह्यात लागू करणारे जिल्हाधिकारी, आणि तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. पुजाऱ्यांनी आणि प्रसादाच्या दुकानदारांनी निवेदन कुठेही दिले तरी ते एकाच टेबलावर जाणार.

मोठ्या शहरात देखरेख बरी होती असेही नाही. मुंबई महापालिकेत स्थायी समितीने मार्च 2020 मध्येच खर्चाचे जादा अधिकार प्रशासनाला दिले आणि नंतर हिशेब मागताना सदस्यांच्या नाकी नऊ आले. राज्य सरकारच्या विनंतीवरून 'कॅग'ने महापालिकेचा विशेष लेखापरीक्षण अहवाल केला, तो मार्च 2023 मध्ये विधिमंडळात आला. त्यात कोविडवरचे सुमारे 3,538 कोटी तपासलेच गेले नाहीत, कारण पालिकेने साथरोग कायद्याची ढाल पुढे केली.

धाराशिवची अडचण मात्र वेगळी, आणि मला तीच जास्त गंभीर वाटते. कार्योत्तर मंजुरीत 'नंतर'ला महत्त्व असते. इथे नंतर काय झाले? पालिकांच्या मुदती 2021 च्या अखेरीस संपत गेल्या. जिल्हा परिषदेची मार्च 2022 मध्ये संपली. राज्यातले निर्बंध उठले 1 एप्रिल 2022 ला. म्हणजे साथ सरली, देयके तपासायची वेळ आली, स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे आक्षेप यायला लागले, आणि ते ज्यांच्यापुढे ठेवायचे ते सभागृहच उरले नाही. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. प्रस्ताव त्यांचा, सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांचे, ठरावही त्यांचाच. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि पालिकांच्या मतदानाला डिसेंबर 2025 उजाडले. जिल्हा परिषदेला त्याहून थोडे अधिक थांबावे लागले. दरम्यान शहराचे आणि जिल्ह्याचे नावही बदलून धाराशिव झाले.

याच जिल्ह्याने वेगळी रीत पाहिलेली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला. तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावागावांत महिला मंडळातल्या बायका संवाद सहायक झाल्या. त्या घरमालक आणि अभियंता यांच्या मधे उभ्या राहून अनुदानाची आणि बांधकामाची माहिती देत-घेत. त्यांना कुठल्या कलमाने पदसिद्ध केलेले नव्हते. काम मात्र त्यांच्या नजरेसमोर चाले.

2005 चा कायदा 2025 मध्ये दुरुस्त झाला. राज्यांच्या राजधानीची शहरे आणि महापालिका असलेली शहरे यांच्यासाठी आता राज्य सरकार स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकते. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. धाराशिव जिल्ह्यात एकही महापालिका नाही. इथे जुनेच प्राधिकरण चालू राहील, आणि जिल्हा परिषदेत जो कुणी अध्यक्ष होईल तो शपथ, ठराव, नेमणूक यांपैकी काहीही न होता त्याचा सहअध्यक्ष होईल. 2020 ते 2022 या काळात कलम 26 खाली किती आदेश मंजुरीसाठी बैठकीत ठेवले गेले, त्याची इतिवृत्ते मागायला त्याला एक पत्र पुरे.