अवरक्त प्रेषग्राही, सिरियल पोर्टवर चालणारा
अवरक्त प्रारणाने संदेश पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या उपकरणास अवरक्त प्रेषग्राही म्हणतात. संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडावयाचे असे उपकरण घरी बांधता येते व त्यास स्वतंत्र विद्युत् घट लागत नाही.

१९६९ च्या आरएस-२३२-सी मानकानुसार पोर्टच्या प्रेषक वाहिन्यांवर धन किंवा ऋण ५ ते १५ व्होल्ट दाब असतो. आरटीएस व डीटीआर या नियंत्रण वाहिन्या आज्ञावलीने धन ठेवल्यास डायोडमार्गे काही मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो. प्रकाश-उत्सर्जक डायोडला मात्र स्पंदकाळी सु. ४० मिलिअँपिअर लागतात. ही तूट धारित्र भरून काढते. ते स्पंदांमधील अवधीत विद्युत् भार साठविते व स्पंदकाळी तो देते. धारित्र नसल्यास स्पंद क्षीण होऊन पल्ला घटतो.

१९९३ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनच्या मूळ मानकात केवळ शून्यासाठी स्पंद असून तो अंककालाच्या ३/१६ टिकतो. सेकंदास ९,६०० अंकांच्या वेगास हा काल सु. २० मायक्रोसेकंद होतो. त्याने ४७ मायक्रोफॅराड धारित्राचा दाब ०·०२ व्होल्टहूनही कमी उतरतो आणि सरासरी प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या आत राहतो. स्पंद आखूड करण्यासाठी व ग्रहणानंतर पुन्हा लांबविण्यासाठी संकेतन मंडल लागते.

सूर्यप्रकाशातही अवरक्त प्रारण असल्याने शिर्डीसारख्या प्रखर उन्हाच्या ठिकाणी ग्राही सावलीत ठेवावा. नव्या बहुतेक संगणकांत सिरियल पोर्ट नसतो. यूएसबी रूपांतरक वापरल्यास त्याचा दाब आधी मोजणे इष्ट ठरते.