हुक्क्याचे पाणी नेमके काय गाळते?

मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमचे तपासणी शिबिर होते. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, नेहमीचेच. गर्दी ओसरली आणि आम्ही सामान आवरू लागलो, तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा मागे रेंगाळला. वस्तीतलाच, आमच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. आई बाहेर चपला शोधते आहे याची खात्री करून त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दोन हुक्के होते.

"ताई, यातला कुठला घेऊ? एकात साधी दांडी आहे, दुसऱ्यात डिफ्यूझर. मित्र म्हणतात, डिफ्यूझरमधून धूर फिल्टर होऊन येतो, घशाला लागत नाही. खरं आहे का?"

आम्ही ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तो "सॉरी ताई" म्हणून गेला असता आणि हुक्का मागवलाच असता. शिवाय प्रश्न चांगला होता. त्याच्या मित्रांचे अर्धे म्हणणे खरे आहे. डिफ्यूझरमुळे धूर घशाला कमी लागतो. मात्र तो फिल्टर होऊन येतो, हे खरे नाही. या दोन गोष्टी एकच वाटतात, तिथेच सगळा घोटाळा आहे.

हुक्क्याची रचना साधी आहे. वर चिलीम, तिच्यात गूळकाकवीसारख्या चिकट पाकात आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सुगंधी तंबाखू. त्यावर छिद्रे पाडलेला फॉइलचा कागद, त्यावर पेटता कोळसा. खाली पाण्याचे भांडे. चिलमीतून उतरणारी दांडी पाण्यात बुडलेली असते आणि ओढायची नळी पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेला जोडलेली. नळीतून हवा ओढली की धूर दांडीतून खाली येतो, बुडबुडे होऊन पाण्यातून वर चढतो आणि तोंडात जातो. आपल्या आज्यापणज्यांची गुडगुडी याच तत्त्वावर चालायची. तिला ते नाव या बुडबुड्यांच्या आवाजावरूनच पडले.

पाण्याने धूर निवतो ही समजूतही जुनीच. अकबराच्या दरबारातला असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून तंबाखू घेऊन गेला आणि ती हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. बादशहाने दोन झुरके घेतले तेव्हा दरबारी हकिमाने विरोध केला. पुढे हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून काढायची युक्ती शोधली, असे सांगतात. पण हा गिलानी 1589 मध्येच वारला होता, म्हणजे विजापूरचा तंबाखू दरबारात पोचण्याच्याही आधी. गोष्ट खरी असो वा नसो, ती टिकून राहिली. पाणी हा जणू वैद्याने दिलेला उतारा आहे असा समज तिने पक्का केला आणि आज हुक्के विकणारे त्यावरच धंदा करतात.

आता पाण्याचे काम पाहू. पाणी काहीच करत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पाणी धूर थंड करते, ओलसर करते. पाण्यात सहज विरघळणारे काही पदार्थ थोड्या प्रमाणात अडकतात. घशाला झोंबणारे काही रासायनिक पदार्थ त्यात येतात आणि थोडे निकोटिनही येते. निकोटिन अडकते हे ऐकून मुलगा खूश झाला होता. पण शरीर निकोटिनचा हिशेब ठेवते. कमी मिळाले की माणूस आणखी झुरके घेतो, आणि त्या वाढीव झुरक्यांबरोबर न अडकलेले सगळे जास्तच आत जाते.

न अडकणाऱ्यांत पहिला कार्बन मोनॉक्साइड. हा मुख्यतः तंबाखूतून येत नाही, वरच्या कोळशातून येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक लिटर पाण्यावर निव्वळ कार्बन मोनॉक्साइड सोडला तरी त्यात वीस-पंचवीस मिलिलिटरच मुरतो. धुरात तर तो इतर वायूंत मिसळलेला असतो, आणि बुडबुडा पाण्यातून वर यायला सेकंदाचा छोटासा भागच लागतो. दुसरे म्हणजे धुराचे सूक्ष्म कण, ज्यांत कॅन्सरला कारण ठरणारे पदार्थ असतात. हे कण इतके बारीक असतात की त्यांतले बहुतेक बुडबुड्याच्या पोटात बसून, पाण्याला न शिवता पलीकडे पोचतात. होडीतून नदी ओलांडणाऱ्याचे कपडे भिजत नाहीत, तसेच हे.

मग डिफ्यूझरने काय होते? दांडीच्या टोकाला छिद्रांची टोपी बसवली की एका मोठ्या बुडबुड्याचे अनेक छोटे होतात. पाण्याचा स्पर्श वाढतो, धूर जास्त गार होतो, आवाज आणि हादरा कमी होतो. काचेच्या पाइपांत मधाच्या पोळ्यासारखी चकती किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात. काम तेच, बुडबुडे आणखी बारीक करायचे. काहींत बर्फ अडकवायला खाचा असतात. भांड्यात पाण्याऐवजी दूध, गुलाबपाणी, पुदिना घालणारेही आहेत. पुदिन्यातला मेंथॉल घशातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतो, त्यामुळे गरम धूरही थंड वाटतो. या सगळ्यांत कार्बन मोनॉक्साइड जिथल्या तिथे राहतो.

नळीचीही एक गंमत आहे. जुन्या चामड्याच्या नळीतून थोडी बाहेरची हवा आत शिरायची, म्हणून धूर पातळ व्हायचा. आता धुता येते म्हणून प्लास्टिकची, सिलिकॉनची नळी चांगली म्हणून विकतात. ती हवाबंद असते. प्रयोगशाळेत दोन्ही लावून पाहिले तेव्हा प्लास्टिकच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड जास्त आला. स्वच्छ दिसणारी वस्तू इथे उलट पडली.

गांजा ओढायच्या काचेच्या पाइपांबद्दलही असाच अनुभव आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, गांजावरची बंदी उठावी म्हणून झटणाऱ्या संघटनांनीच ही उपकरणे प्रयोगशाळेत तपासून घेतली. पाणी डांबरापेक्षा नशेचा घटकच जास्त अडवते, असे त्यांना आढळले. म्हणजे तेवढ्याच नशेसाठी पाण्याच्या पाइपातून डांबर उलट जास्त घ्यावे लागणार. ही तपासणी विरोधकांची नव्हती. (आपल्याकडे गांजा 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे हे वेगळेच. कोठडीत पोचल्यावर पाइप कुठला होता हे कोणी विचारत नाही.)

मऊ धूर चांगला का नाही, हे आता सांगता येते. घशाला धूर झोंबतो, खोकला येतो, डोळ्यांत पाणी येते, ही शरीराची राखण आहे. बिडी ओढणारा लहान झुरका घेतो, कारण मोठा सोसवत नाही. हुक्क्यात ही राखणच झोपवली जाते. म्हणून झुरका लांब होतो, छातीत खोल जातो, आणि बैठक तासभर चालते. एका सिगारेटचे सुमारे वीस झुरके, तासाभराच्या हुक्क्याचे सुमारे दोनशे. सिगारेटमधून पाच-सहाशे मिलिलिटर धूर ओढला जातो, हुक्क्याच्या बैठकीत नव्वद हजार मिलिलिटरच्या आसपास. पाण्याने त्यातला थोडा भाग कमी केला असे धरले तरी हिशेब कुठे जातो ते दिसतेच आहे.

हे वाचून कोणाला आम्ही घाबरवतो आहोत असे वाटेल, म्हणून एक रात्र सांगतो. आम्ही तेव्हा एका रुग्णालयात अपघात विभागात रात्रपाळीला होतो. मित्राच्या वाढदिवसाहून एका मुलीला उचलून आणले. डोके ठणकत होते, उलट्या, उभे राहता येत नव्हते. सोबतचे म्हणत होते, "काही प्यायली नाही हो, फक्त हुक्का होता, तोही हर्बल." आम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावला. 98. आकडा छान, आणि मुलगी पांढरीफटक. आम्ही आकड्यावर विश्वास ठेवला. तिला सलाइन लावून बाजूच्या खाटेवर ठेवले आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळलो. थोड्या वेळाने मोठे डॉक्टर आले. त्यांनी खोली केवढी होती, खिडकी उघडी होती का, कोळसा होता का, एवढे तीन प्रश्न विचारले आणि लगेच मोठ्या दाबाचा ऑक्सिजन मास्क लावायला सांगितला. मुलगी बरी झाली. तो वाया गेलेला वेळ मात्र आमच्या हातून गेला होता.

कोरोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर दोनशे पटींहून अधिक घट्ट बसतो आणि उठत नाही. आपला साधा ऑक्सिमीटर रक्ताचा रंग पाहून आकडा सांगतो. त्याला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला आहे की हा वायू, ते ओळखता येत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. म्हणून हुक्का, शेगडी, बंद बाथरूममधला गॅस गिझर, बंद खोलीतला जनरेटर, यांपैकी काही असेल आणि माणसाला डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी असेल, तर 98 हा आकडा पाहून घरी थांबू नका. आधी माणसाला उघड्या हवेत आणा, मग 108 ला फोन करा, आणि डॉक्टरांना कोळसा होता हे स्वतःहून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तासात तेवढे होते.

"हर्बल" शब्दाचेही याच ओघात. त्यात तंबाखू नसतो, म्हणून निकोटिन नसते. पण काहीतरी जळते, कोळसाही तोच असतो, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तंबाखूच्या हुक्क्याइतकेच निघतात.

महाराष्ट्रात 2018 पासून हुक्का पार्लर चालवणे कायद्याने बंद आहे. एक ते तीन वर्षे कैद, पन्नास हजार ते एक लाख दंड. 29 डिसेंबर 2017 च्या रात्री मुंबईत कमला मिल आवारात लागलेल्या आगीत 14 जण गेले. हुक्क्याच्या कोळशाची ठिणगी हे तिचे कारण असावे असे अग्निशमन दलाने म्हटले होते. त्यानंतर हा कायदा आला. पार्लर बंद झाले, पण हुक्का ऑनलाइन मिळतो आणि बैठक आता भाड्याच्या खोलीत भरते. एसी चालावा म्हणून खिडक्या लावलेल्या असतात, मधोमध निखारे असतात. वायूच्या दृष्टीने ही जागा पार्लरपेक्षाही वाईट.

आणि नळी एकच, पाच तोंडे. उत्तरेत "हुक्का-पाणी बंद" म्हणजे वाळीत टाकणे. आपल्या लोकांचे ओठ ज्या नळीला चालत नव्हते, तिच्याभोवती आज आपली मुले सगळ्या जातींच्या मित्रांबरोबर गोल करून बसतात. समता यायची तर ती नेमकी या नळीवाटेच यावी का, असे आमच्या मनात येऊन गेले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये एकच पाण्याचा पाइप वाटून ओढणाऱ्या तरुणांमध्ये टीबी पसरल्याची नोंद आहे. ज्या वस्त्यांत आम्ही आजही घरोघरी टीबीच्या गोळ्या पोचत्या करतो, तिथे हे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. वेगळे प्लास्टिकचे टोक लावले तरी नळीच्या आतली ओल आणि भांड्यातले परवाचे पाणी सगळ्यांचे तेच असते.

आपल्या घरांत तंबाखू धुरापेक्षा तोंडातूनच जास्त जातो, मिशेरी, खर्रा, मळलेली चिमूट. त्यावर या पानात पुन्हा लिहूच. पण मिशेरी लावणाऱ्या आईला मुलाचा हुक्का ओळखू येत नाही. त्याच्या कपड्यांना सफरचंदाचा, पुदिन्याचा वास येतो, आणि ती म्हणते पोरगा कुठे चांगल्या ठिकाणी जाऊन आला.

मुलाला आम्ही हे सगळे सांगितले, अर्थात इतके सलग नाही. सोडायचे असेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर दिला. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येते आणि घरी कळत नाही. त्याने नंबर घेतला, हुक्का घेणार नाही असे काही म्हणाला नाही.

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला: "ताई, कोळशाऐवजी इलेक्ट्रिक हीटर लावला तर?" आम्ही खरे तेच लिहिले. कार्बन मोनॉक्साइड बराच कमी होतो, कारण तो बहुतेक कोळशाचाच असतो. निकोटिन मात्र तेवढेच राहते, घसा-फुप्फुस जाळणारे बाकीचे पदार्थही राहतात, आणि लागलेली सवय हीटर बदलल्याने सुटत नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या. पुढच्या रविवारी तो शिबिरात खुर्च्या लावायला आला होता. आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पण बीपी मोजायच्या रांगेत, सगळ्यांच्या शेवटी, तो उभा होता.