मुक्या वाटणाऱ्या नदीचे आवाज

नदीकाठी उभे राहिले की वारा, पक्षी ऐकू येतात. पाण्याच्या आतले मात्र काहीच ऐकू येत नाही. मग पाणी मुके असते का? एक साधा प्रयोग करू. बादलीभर पाण्यात दोन खडे एकमेकांवर आपटू. आवाज क्षीण येतो. आता बादलीला बाहेरून कान लावू. तोच आवाज स्पष्ट येतो! कारण पाण्यातून थेट हवेत शिरताना ध्वनीची जेमतेम हजारावा भाग ऊर्जा पलीकडे जाते. उरलेली पृष्ठभागावरून मागे फिरते.

पाण्यात मात्र ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. गढूळ पाण्यात प्रकाश लवकर विझतो, ध्वनी नाही. गंगेतील डॉल्फिन याच गुणावर जगतो. त्याच्या डोळ्यांत भिंग नसते. तो ‘टिक्‌ टिक्‌’ आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून मासा व वाट शोधतो. या आवाजांची कंप्रता ६०,००० हर्ट्‌झच्या आसपास असते. आपले कान २०,००० पर्यंतच ऐकतात.

हा प्राणी श्वासासाठी क्षणभरच वर येतो. नुसत्या डोळ्यांनी मोजला तर अनेक निसटतात. म्हणून पाण्यात हायड्रोफोन सोडतात. गॅसच्या लायटरमध्ये स्फटिकावर दाब पडला की ठिणगी उडते. त्याच तत्त्वावर ध्वनीच्या दाबाचे येथे विजेत रूपांतर होते. दोन हायड्रोफोनपर्यंत आवाज पोचण्यातील फरकावरून दिशाही कळते. २०२१ ते २०२३ या काळात देशातील नद्यांत झालेल्या पाहणीत डोळे आणि हायड्रोफोन या दोहोंचा वापर झाला. तिचा अंदाज २०२५ मध्ये जाहीर झाला : ६,३२७ डॉल्फिन. अर्थात, गप्प राहणारा जीव हायड्रोफोनला सापडत नाही. म्हणून दोन्ही पद्धती हव्यात.

हायड्रोफोन आणखीही काही टिपतो, ते म्हणजे मोटारबोटींचा गोंगाट. बिहारमधील गंगेवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंगाटात डॉल्फिनचे आवाज बुडून जातात आणि त्याच्या शरीरावरचा ताण दुपटीहून अधिक वाढतो, असे त्यात आढळले. उन्हाळ्यात पात्र उथळ झाले की त्रास आणखी वाढतो.

वर्गात बादलीचा प्रयोग पुन्हा करावा. एकाने खडे हळूच आपटावेत, दुसऱ्याने बादलीवर चमचा वाजवत राहावे आणि तिसऱ्याने कान लावून खडे मोजावेत. मोजणी कुठे चुकली, ते मुलांनाच विचारावे. डॉल्फिनला मासा का सापडत नाही, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.