पाट्यांमधला गंज

गाडीच्या कमानपाट्यांना गंज चढतो तो पाण्याने, आणि ते पाणी तिथे धरून ठेवतो तो चिखल. मराठवाड्यातल्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या या पट्ट्यातला ऊस तीर्थपुरी आणि अंकुशनगरच्या कारखान्यांकडे निघतो, तेव्हा पिकअप आणि जीपगाड्याही नुकतं पाणी दिलेल्या रानांच्या बांधाने फिरत असतात. काळी माती पाट्यांच्या फटींत, पाटा चेसीला जोडणाऱ्या शॅकलभोवती आणि पुढच्या स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेढ्यात लिंपून बसते. वरून ती वाळून तडकते, आतून ओलीच राहते. पहाटेचं दव तिला पुन्हा भिजवतं.

बर्फाळ देशांत हेच काम मीठ करतं, आणि फार लवकर करतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकून पाहिलं. पुढे ती रीतच पडली. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, म्हणून लोखंड झपाट्याने गंजतं. शिवाय हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओल ओढून घेतं. मराठवाड्यात जुनी मुंबई पासिंगची गाडी घेताना लोक आधी खाली वाकून बघतात, त्याचं कारणही खारी हवाच.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे पाटे एकमेकांवरून सरकेनासे होतात आणि गाडी दणके देऊ लागते. पोलादावर पडलेल्या बारीक खड्ड्यांतून तडा सुरू होतो, आणि भरल्या गाडीत पाटा तुटतो.

यावर गॅरेजमधला ठरलेला इलाज म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. त्याचा उग्र, करपट वास हातांना दिवसभर सोडत नाही. पण खरी मेहनत ऑइल लावण्यात नाही, त्याच्या आधी आहे. गाडीखाली उताणं पडून, डोळ्यांत माती घेत, तारेच्या ब्रशने एकेक फट मोकळी करणाऱ्या पोराच्या हातात पाट्यांचं आयुष्य असतं. हातोडीचा हलका ठोका दिला की धड पाटा खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. जाणता मिस्त्री धुतलेली गाडी चोवीस तास वाळत उभी करायला सांगतो. गाडीवाल्याला घाई असते. चोवीस तासांचे चार होतात. मग ओल्या मातीवरच ऑइल बसतं आणि पाणी आत कोंडलं जातं. चोवीस तासांचा हा आग्रह म्हणूनच त्या ऑइलपेक्षा मोलाचा आहे.

जळक्या ऑइलचे दोष मात्र मोठे आहेत. त्यात इंजिनातली आम्लं आणि धातूचा कीस असतो, रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात, आणि थेंब जमिनीत मुरतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइलही मोडतं. थंड देशांत त्याऐवजी मेणयुक्त फवारे किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन वापरतात. लॅनोलिन धातूला चिकटून राहतं, तरी ते दरवर्षी नव्याने लावावं लागतं.

पाट्यांना काहीही लावलं तरी शॅकलच्या पिनांना ग्रीस द्यायचं, बुश कोरडे ठेवायचे, ब्रेकच्या डिस्क आणि ड्रमला तेलाचा हातही लागू द्यायचा नाही. पाट्यांवरचा हात पावसाळा संपताच, उसाच्या खेपा सुरू होण्याआधी मारायचा, आणि हंगाम आटोपल्यावर पाटे पुन्हा धुऊन घ्यायचे.