तक्ता विभागताना माहिती राखा

गावच्या जमिनींची नोंद संगणकावर ठेवावयाची आहे, अशी कल्पना करू. सोयीसाठी एका खात्याला एकच खातेदार आहे असे मानू. गट क्रमांक, पीक, खाते क्रमांक, खातेदाराचे नाव व पत्ता असे पाच स्तंभ एकाच तक्त्यात आखले, तर पाच गटांच्या धन्याचे नाव व पत्ता पाच वेळा लिहावा लागतो. पत्ता बदलल्यावर चारच ओळींत दुरुस्ती झाली, तर पाचवी ओळ खोटी ठरते. हा दोष टाळण्यासाठी मोठा तक्ता विभागून लहान तक्ते केले जातात. एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपाने साठविण्याची जी पद्धत मांडली, तिचे हे महत्त्वाचे अंग होय.

परंतु विभागणी कशीही करून चालत नाही. समजा, खाते १४ च्या गट ५२ मध्ये आणि खाते १५ च्या गट ६० मध्ये ज्वारी आहे. एका तक्त्यात खाते व पीक, तर दुसऱ्यात पीक व गट अशी नोंद ठेवली. पुढे ‘ज्वारी’ हा दुवा धरून ते जोडले असता दोनऐवजी चार ओळी मिळतात. दोन्ही गट दोन्ही खात्यांचे दिसू लागतात! ओळी वाढल्या, पण माहिती हरवली. कारण कोणता गट कोणाचा, हे आता सांगता येत नाही. जमिनीच्या बाबतीत ही चूक म्हणजे तंट्याला निमंत्रणच.

यावरील नियम १९७१ साली आय. जे. हीथ यांनी मांडला. दोन तक्त्यांना जोडणारा समान स्तंभ त्यांपैकी एका तक्त्यातील प्रत्येक ओळीची निश्चित ओळख पटविणारा असला, की विभागणी निर्धोक ठरते. म्हणून पहिल्या तक्त्यात गट, पीक व खाते क्रमांक आणि दुसऱ्यात खाते क्रमांक, नाव व पत्ता ठेवावा. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक खात्याची एकच ओळ असल्याने जोडणीनंतर मूळ तक्ता जसाच्या तसा मिळतो, आणि पत्त्यातील दुरुस्ती एकाच ठिकाणी होते.

मात्र अनेक गावांची नोंद एकत्र केल्यास तोच खाते क्रमांक दुसऱ्या गावातही आढळेल. अशा वेळी गाव व खाते क्रमांक हे दोन्ही मिळून दुवा मानणे आवश्यक ठरते. तक्ता विभागण्यापूर्वी तो पुन्हा जोडता येईल काय, याची खात्री करून घेणे हेच खरे शहाणपण होय.