परसातील नारळावरचा उंदीर : आधी शेंडा, मग पत्रा

किनारपट्टीवरील बहुतेक घरांच्या परसात नारळाची दोन-चार झाडे असतात. बुंध्याशी भोक पडलेली कोवळी फळे दिसू लागली की खोडाला पत्रा ठोकण्याचा उपाय सर्वप्रथम केला जातो. उपाय योग्य असला, तरी तो अवेळी केल्यास फळगळ थांबत नाही. याचे कारण उंदराच्या राहणीत आहे.

नुकसानीची ओळख

नारळाचे नुकसान मुख्यत्वे काळा उंदीर (रॅटस रॅटस) करतो. तो उत्तम चढणारा व निशाचर आहे. साधारणपणे ३ ते ६ महिन्यांची फळे त्याला अधिक आवडतात. देठाकडील बाजूस सोडण कुरतडून तो भोक पाडतो व आतील पाणी आणि कोवळे खोबरे खातो. असे फळ लवकरच गळते. फळ पक्व होण्यास सुमारे १२ महिने लागत असल्याने आजच्या नुकसानीचा परिणाम काही महिन्यांनी काढणीच्या वेळी जाणवतो.

भोक नसलेल्या गळलेल्या फळांचा दोष मात्र उंदरावर टाकू नये. देठाजवळील पाकळ्यांखालून सुरू होणारे त्रिकोणी फिकट चट्टे, पुढे तपकिरी होऊन तडकणारी साल ही इरिओफाइड कोळीची लक्षणे आहेत. त्यासाठी उपाययोजना वेगळी करावी लागते.

शेंडा हेच घर

काळा उंदीर अनेकदा झावळ्यांच्या बेचक्यात घरटे करून शेंड्यातच राहतो. अन्न, पाणी व निवारा तेथेच मिळाल्याने त्याला खाली उतरण्याची फारशी गरज पडत नाही. म्हणूनच जमिनीवर ठेवलेल्या आमिषाकडे तो फिरकत नाही आणि आधीच पत्रा बसविल्यास उंदीर वरच राहून फळे खात राहतो.

उपायांचा क्रम

१. शेंड्याची स्वच्छता : वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयी व घरटी काढून टाकावीत. हे काम काढणीच्या वेळीच पाडेलीकडून करून घेतल्यास वेगळा खर्च येत नाही.

२. आमिष : ब्रोमॅडिओलोन (०.००५ टक्के) या तयार मेणवडीचा वापर शेंड्यात, झावळ्यांच्या बेचक्यात करावा. १२ दिवसांच्या अंतराने दुसरी वडी ठेवावी. हे औषध रक्त गोठण्याची क्रिया रोखते. परिणाम काही दिवसांनी दिसत असल्याने उंदराला आमिषाचा संशय येत नाही.

३. पत्रा : नवे नुकसान थांबल्यावर जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर ४० सें.मी. रुंदीचा गुळगुळीत जस्ती पत्रा खोडाभोवती घट्ट बसवावा. नारळाचे खोड वर्षागणिक जाड होत नाही, त्यामुळे पत्रा सैल करावा लागत नाही. आंबा, चिकू यांची खोडे मात्र जाड होत जातात. तेथे पत्रा सैलसर बसवून दरवर्षी तपासावा, अन्यथा साल आवळली जाते.

पत्रा कोठे निरुपयोगी ठरतो

शेजारच्या झाडाची झावळी, घराचे छप्पर, विजेची तार किंवा मिरीचा वेल यांपैकी काहीही शेंड्याला वा पत्र्याच्या वरील खोडाला टेकत असेल, तर उंदीर पत्रा टाळून वर पोहोचतो. शक्य तेथे फांद्या छाटाव्यात. तारेलगतची छाटणी वीज कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्यावी. लक्षद्वीपसारख्या दाट लागवडीत शेंडे एकमेकांत मिसळलेले असल्याने एकेका झाडाला पत्रा बांधून उपयोग होत नाही. तेथे, तसेच वाडीतील लागून असलेल्या परसांत, सर्वांनी एकाच वेळी आमिष ठेवणे आवश्यक असते. गळलेली फळे, खरकटे व लाकडांचे ढीग हटविल्यास नव्या उंदरांना थारा मिळत नाही.

दक्षता

मेणवडी हातमोजे घालून हाताळावी व खाली पडलेले तुकडे गोळा करून पुरावेत. मेलेले उंदीरही खोल पुरावेत. ते खाल्ल्यास कुत्रे, मांजर व उंदीर टिपणारे घुबड यांना विषबाधा होऊ शकते. मुलाच्या किंवा जनावराच्या पोटात वडी गेल्यास त्वरित डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्यकाकडे न्यावे व वेष्टन सोबत ठेवावे. जीवनसत्त्व के-१ हा त्यावरील उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर असा विशिष्ट उतारा नसल्याने घराभोवती त्याचा वापर टाळावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी झाडाखालची भोकाची फळे दर आठवड्याला मोजण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. दुसऱ्या वडीनंतरही ही संख्या घटली नाही, तर उंदराची ये-जा कोठून होते, याचा शोध आधी घ्यावा.